नुसती तारीख

चार वर्षं घरी राहून मी पुन्हा कामाला लागले तेव्हा मला माझीच भाषा वाचता येईना. भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. धाकटी बालवाडीत जायला लागली होती आणि कुपवाडच्या एका कारखान्यात वेबचं काम बघायला कुणीतरी हवंय असं कळलं, म्हणून मी अर्ज केला. त्याआधी सांगलीत दुकानांच्या, मंगल कार्यालयांच्या, क्लासच्या वेबसाइट केल्या होत्या. वाटलं होतं, दोन दिवसांत हात बसेल. पहिल्या दिवशी कोड उघडला तर जिथं तिथं बाण, प्रश्नचिन्हाला चिकटलेली टिंबं, आणि ज्या शब्दाशिवाय माझी एक ओळ पूर्ण व्हायची नाही तो ‘फंक्शन’ शब्द अर्ध्या फायलींतून गायब. माझ्या आधीचा प्रोग्रामर पुण्याला निघून गेला होता. त्यानं काही पानं नव्या पद्धतीनं लिहिली होती, काही जुनी तशीच ठेवली होती. जुनी पानं दिसली की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

पहिले पंधरा दिवस मी घाबरून काढले. मग ठरवलं, कारखान्यात अर्धा तास आधी पोचायचं आणि रोज एक नवी गोष्ट शिकायची. एकच. वाचायची, लगेच करून बघायची आणि आपल्या कामात कुठं बसते ते शोधायचं. त्या प्रश्नचिन्ह-टिंबाचा अर्थ मला असाच एका सकाळी लागला. आधी एखाद्या ग्राहकाचा पत्ता दाखवायचा तर ग्राहक आहे का, त्याचा पत्ता आहे का, पत्त्यात गाव आहे का, असं एकेक विचारत खाली उतरावं लागायचं, नाहीतर पान मध्येच मरायचं. आता तेच सगळं एका ओळीत मावत होतं. ते चाललेलं बघून मी एकटीच खुर्चीत हसले. त्यानंतर अर्धा तास कमी पडायला लागला आणि मी पाऊण तास आधी यायला लागले.

माझ्या अब्बांचं रहिमतपुरात मोटरसायकलींच्या सीट कव्हरचं दुकान आहे. बाजारात नवी गाडी आली की पहिलं गिऱ्हाईक दुकानात येईपर्यंत त्यांना धीर धरवायचा नाही. ओळखीतल्या कुणी ती गाडी घेतली असेल तर ते त्याच्या दारात जाऊन सीट काढून मागायचे, जमिनीवर उलटी ठेवायचे आणि टेपनं मापं घेत बसायचे. अम्मी म्हणायची, गाडी त्याची आणि खूश तुम्ही. नवं काही आलं की माझी जी घाई होते ती बहुतेक तिथूनच आलेली असणार.

कारखाना पंपांचे व्हॉल्व्ह करतो. आमची खोली वरच्या मजल्यावर, स्टोअरच्या मागं आहे. दोन टेबलं, कोपऱ्यात सर्व्हरचं कपाट आणि एक एसी, जो आमच्यासाठी नसून त्या कपाटासाठी आहे. दुसऱ्या टेबलावर सुभेदार बसतात. मेढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. फौजेत सिग्नलमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आता कारखान्याचं नेटवर्क, कॅमेरे आणि प्रिंटर सांभाळतात. लागेल तेवढा कोड त्यांनी स्वतःच शिकून घेतला होता. नव्या गोष्टींवर त्यांचा विश्वास कमी. मला म्हणायचे, “चालतंय त्ये चालू द्या, ताई. नवं आलं की दोन म्हैनं त्येच्या खोड्या काढण्यातच जात्यात.”

तरी मी रोज चहाच्या वेळी त्यांना सकाळी शिकलेलं सांगायची आणि ते कप हातात धरून शेवटपर्यंत ऐकायचे. ऐकून झालं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, ह्याने आपल्या कारखान्यात कुणाचं काम हलकं होतंय? बऱ्याचदा मी नुसतीच म्हणायची, पण कसलं छान आहे बघा की.

अशी दीड-दोन वर्षं गेली. मी नव्यातलं बरंच शिकले, पण एका जुन्या दुखण्यावर काहीच नवं येत नव्हतं. ते म्हणजे तारखा. जावास्क्रिप्टमध्ये तारीख हे प्रकरण पहिल्यापासून विचित्र आहे. महिने शून्यापासून मोजायचे, म्हणजे जानेवारी शून्यावा. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला की तारीख फेब्रुवारी ओलांडून थेट मार्चात जाऊन बसते. एखाद्या तारखेत एक दिवस मिळवून बघावं तर मूळ तारीखच बदलते. जगभरचे लोक ह्यावर वैतागलेले होते आणि ह्यासाठी नवं काहीतरी तयार होतंय, एवढं मी पुन्हा कामाला लागल्यापासून वाचत होते. मसुदा पुढं सरकला की मी वाचायची. टेम्पोरल असं त्याचं नाव. आपल्या तालुक्यात रस्ता मंजूर झाल्याची बातमी दरवर्षी वाचावी तसं ते चाललं होतं.

आणि एका सकाळी ते खरंच आलं. मी ब्राउझर अपडेट केला, त्यातली कोड करून बघायची खिडकी उघडली, नाव टाइप केलं आणि नेहमीसारखी लाल अक्षरातली चूक आली नाही. ते तिथं होतं. मी पहिल्यांदा एकतीस जानेवारीच घेतली, एक महिना मिळवला. अठ्ठावीस फेब्रुवारी. मूळ तारीख बघितली, ती जागेवर होती. महिने एकपासून सुरू होत होते. मी उठून उभी राहिले आणि बसले आणि परत उठले. सुभेदार आत आले तेव्हा मी त्यांना डबासुद्धा ठेवू दिला नाही, हाताला धरून स्क्रीनपुढे उभं केलं. त्यांनी बघितलं. म्हणाले, फेब्रुवारी बरोबर आला म्हणून एवढं?

त्यात मला सगळ्यात आवडली ती एक साधी गोष्ट. जुन्या तारखेला नेहमी एक घड्याळ चिकटलेलं असायचं, तास-मिनिटं-सेकंद, तुम्हाला हवी असोत नसोत. नव्यात एक प्रकार होता ज्यात फक्त दिवस, महिना आणि वर्ष. घड्याळ नाही, देश नाही. नुसती तारीख.

ती कुठं वापरायची ते मला लगेच ठाऊक होतं. आमच्याकडे प्रत्येक मालाबरोबर तपासणीचं सर्टिफिकेट जातं. इन्स्पेक्शनमधल्या मावशी व्हॉल्व्हची मापं घेतात, वेबपेजवर भरतात, तारीख निवडतात आणि छापतात. ते पान जुन्यांपैकी होतं. त्याच दिवशी मी त्याचा कोड उघडला आणि करून बघितलं. आजची तारीख निवडली, छापलं. कागदावर कालची तारीख आली. पुन्हा केलं, पुन्हा कालची. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक सर्टिफिकेट एक दिवस मागच्या तारखेनं गेलंय?

कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तुम्ही तारीख निवडली की जुना कोड तिला रात्रीचे बारा चिकटवत होता, आपल्याकडचे बारा, आणि जपून ठेवताना जगाच्या मधल्या घड्याळात बदलत होता. ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. म्हणजे तिथं आदल्या दिवसाची संध्याकाळ. मग कोड त्यातली फक्त तारीख कापून घेत होता. मी ते सगळं काढलं आणि नुसती तारीख आणून बसवली. ज्या ब्राउझरमध्ये ही सोय अजून पोचली नव्हती त्यांच्यासाठी तीच सोय पुरवणारी एक फाईल सोबत जोडली. दुपारी बदल चढवला. आज निवडलं की आज छापलं जात होतं. घरी जाताना स्कूटीवर मी मोठ्यानं गाणं म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. त्यांच्या पुढ्यात आमची तीन सर्टिफिकेटं होती. पुण्याच्या ग्राहकाचा फोन आला होता. तिकडच्या माणसानं थंडपणे विचारलं होतं की जो माल काल आमच्या दारात उतरला त्याची तपासणी तुम्ही आज कशी केलीत. तिन्ही कागदांवर एक दिवस पुढची तारीख होती. मालक ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, परवा तुम्ही ह्या पानात काही केलंत का?

मी जिना उतरून थेट इन्स्पेक्शनला गेले. मावशी टेबलाशी व्हॉल्व्हला मापाचा गेज लावून बसल्या होत्या. साठीला आलेल्या, कारखाना सुरू झाल्यापासून तिथं. त्यांच्या हातून एकही माप चुकलेलं कुणी बघितलं नव्हतं. मी विचारलं, “मावशी, तुम्ही उद्याची तारीख का टाकलीत?”

त्यांनी गेज खाली ठेवला. “उद्याची कशी टाकंन? आजचीच टाकली. तुमचं मशीन एक दिस मागं चालतंय, म्हणून एक दिस पुढची द्यायची, मग बराबर छापतंय. पयल्या सायबाला सांगितलं व्हतं मी. त्यो म्हनला, बघतो.”

मी शेजारच्या स्टुलावर बसले. ते पान सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे ओळखलं होतं. कुणी ऐकलं नाही तेव्हा स्वतःच तोड काढली आणि इन्स्पेक्शनला जी नवी बाई येईल तिला पहिल्याच दिवशी शिकवलं, की इथं उद्याची तारीख टाकायची. महिनाअखेरीला पुढच्या महिन्याची एक तारीख. एकतीस डिसेंबरला तर नव्या वर्षाची. मी वर बसून ज्याला चूक समजले ती खाली बसून एका बाईनं कितीतरी वर्षं रोज हातानं सुधारली होती. आणि मला आनंदाच्या भरात वीस पायऱ्या उतरून तिला विचारायचं सुचलं नव्हतं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, त्याचं काय एवढं, आता सांगा कुठली टाकू. मग विचारलं, पण ते मागं का चालायचं? ते कधी कुणी सांगितलं नाही.

त्यांची लेक दुबईला असते हे मला माहीत होतं. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. तिला फोन करता तेव्हा तिकडं किती वाजलेले असतात? त्या म्हणाल्या, दीड तास मागं. म्हटलं, तसंच. मशीन ज्या घड्याळानं तारीख ठेवतं ते आपल्याहून साडेपाच तास मागं आहे. आपला दिवस सुरू होतो तेव्हा तिथं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा असतात. तुम्ही फक्त तारीख दिलीत तरी ते तिला रात्रीचे बारा लावायचं, मग मागं न्यायचं, आणि मागं नेलं की दिवस बदलायचा.

मावशींनी हातातला व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “पर आमी त्येला टाइम दिलाच न्हाई. नुसती तारीख देतोय की. त्येनं आपल्या मनानं बारा कशापायी लावायचं?”

जगातल्या हुशार माणसांना जे ठरवायला इतकी वर्षं लागली होती ते ह्या बाईनं कोरडा प्रश्न म्हणून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, मावशी, आता नेमकं हेच नवीन आलंय, आणि त्याचं नावसुद्धा तेच आहे. नुसती तारीख. त्या हसल्या. पुढच्या दातांच्या फटीतून हसतात त्या, तोंड झाकून. म्हणाल्या, मग आधीच आणायचं की.

पुढचे तीन दिवस मी माझा लॅपटॉप घेऊन त्यांच्याच टेबलाशी बसले. कारण प्रश्न एवढ्यावर संपत नव्हता. मावशी रजेवर असताना ज्या बायका बदली आल्या होत्या त्यांना उद्याची तारीख टाकायचं माहीत नव्हतं, त्यामुळे जुन्या नोंदींत काही तारखा बरोबर होत्या, काही खरोखर एक दिवस मागं. कुठली कुठली, हे कोडवरून कळणं शक्य नव्हतं. पण मावशींनी मापांची एक तारीखवार कच्ची वही पहिल्यापासून ठेवली होती आणि बदलीच्या बायकांकडूनही ती लिहून घेतली होती. त्या वही वाचायच्या, मी स्क्रीन बघायची. एक तारीख जुळली नाही की त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या आणि बोट ठेवून थांबायच्या, मी ती बदलेपर्यंत. ग्राहकाकडे नवीन सर्टिफिकेटं गेली. मालकांनी सही करताना एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी आधी खाली जाऊन विचारत जा. तेव्हापासून मी जाते.

चौथ्या दिवशी मावशींनी स्वतःच्या हातानं एक कागद लिहून टेबलावर चिकटवला, “आजपासून आजचीच तारीख टाकायची.” येणारे-जाणारे वाचून गोंधळायचे. आम्ही दोघी कुणाला समजावत बसलो नाही.

सुभेदारांचं मात्र मला नवल वाटलं. मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, फौजेत आम्ही वेळ लिहिली की तिच्या पुढं एक अक्षर लिहायचो, ती वेळ कुठल्या मुलखातली आहे ते सांगणारं. अक्षर नसलेली वेळ म्हणजे निरोपच अर्धा, शिव्या बसायच्या. नव्या टेम्पोरलमध्ये असं काही आहे का? मी म्हटलं, आहे, वेळेबरोबर तिचा मुलूखही सांगावा लागतो असा वेगळा प्रकारच आहे. त्यांनी ते पान मला उघडून मागितलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत डोकं वर केलं नाही. इंग्रजी हळू वाचतात ते, ओठ हलवत. शेवटी खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, “ताई, ह्ये नवं न्हाई. ह्ये मी तीस वर्सं करतोय. फकस्त तुमच्या लोकास्नी आत्ता कळलं.” त्या आठवड्यात त्यांनी कॅमेऱ्यांच्या नोंदीचा आपला सगळा कोड स्वतः बदलला. मध्येच उठून मला हाका मारायचे, हे बघा, आता तासांचा फरक सरळ येतोय. रोज मी त्यांना दाखवायची, त्या आठवड्यात ते मला दाखवत होते.

साताऱ्यात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वेबचं काम करणारी माणसं जमतात. एका कॉम्प्युटर क्लासचा हॉल मिळतो, खुर्च्या आपणच लावायच्या. सातारा, कराड, सांगलीकडचे वीस-पंचवीसजण असतात. मी त्यांच्या ग्रुपवर ही हकीकत थोडक्यात लिहिली तर त्यांनी सांगितलं, येऊन बोला. मी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. सुभेदार शनिवारी गावी जातात, म्हणून ते मेढ्याहून सकाळच्या गाडीनं परस्पर साताऱ्यात आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि पहिल्या ओळीत बसले.

मी कोड कमी दाखवला. मावशींचीच गोष्ट सांगितली. “त्येनं आपल्या मनानं बारा कशापायी लावायचं” हे मी त्यांच्याच शब्दांत सांगितलं तेव्हा हॉल हसला, आणि मागच्या ओळीतल्या एकानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. प्रश्न खूप आले. कुणाच्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट एक दिवस सरकत होत्या, कुणाच्या शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखा. दोघांनी तिथंच लॅपटॉप उघडून आपला कोड तपासला आणि एकाला तीच साडेपाच तासांची चूक सापडली. त्यानं स्क्रीन फिरवून सगळ्यांना दाखवली, बक्षीस लागल्यासारखी. मुलखाच्या अक्षराबद्दल मी सुभेदारांना उठवलं. ते सावधान उभे राहिले, चार वाक्यं बोलले आणि बसले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या, आणि त्या वाजेपर्यंत ते छताकडे बघत होते.

चहाच्या वेळी कराडच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, तारखांचं छान झालं, पण तुम्ही हे बघितलंत का? त्यांनी एक पान उघडलं, त्यावर लहान लहान फोटो होते. एकावर बोट ठेवलं तर तो फोटो जागेवरून उचलला गेला, वाढत वाढत पुढच्या पानावर जाऊन बसला. पान बदललं होतं, पण मध्ये पांढरं काही चमकलं नाही. असं मी पूर्वी एकदा केलं होतं, दोनशे ओळी लिहून, आणि ते ग्राहकाच्या फोनवर अडकायचं. मी विचारलं, जावास्क्रिप्ट किती आहे? त्या म्हणाल्या, एकही ओळ नाही. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या दोन-तीन ओळींत होतं. दोन्ही पानांवर फोटोला एकच नाव द्यायचं, बस. मी त्या ओळी हाताच्या पंजावर लिहून घेतल्या. कागद शोधण्याइतकाही दम नव्हता.

सुभेदार मेढ्याच्या गाडीला गेले. मला दुपारी रहिमतपूरला अम्मीकडं जेवायला पोचायचं होतं. गाडीत खिडकीची जागा मिळाली, लॅपटॉप मांडीवर घेतला. आमच्या व्हॉल्व्हच्या यादीचं पान आणि एका व्हॉल्व्हचं पान, दोन्ही माझ्याकडे होतीच. पंजावर बघून ओळी टाकल्या. पहिल्यांदा काहीच झालं नाही. एका ठिकाणी नाव चुकलं होतं, ते दुरुस्त केलं आणि यादीतल्या एका व्हॉल्व्हवर टिचकी मारली. तो उचलला गेला, मोठा होत गेला आणि पुढच्या पानाच्या मधोमध हलकेच बसला. मी मागं गेले, तो लहान होऊन परत आपल्या रांगेत गेला. पुढं, मागं, पुढं, मागं. शेजारच्या बाईंनाही दाखवलं. त्यांनी विचारलं, हा नळ आहे का? मी म्हटलं, तसंच समजा. मग त्यांनीही एकदा दाबून बघितला आणि खूश झाल्या. मग मी मापांचा तक्ताही तसाच सरकवता येतो का ते बघायला घेतलं.

कंडक्टर तिकिटं तपासत आला तेव्हा माझं तिकीट हातात घेऊन थांबला. म्हणाला, “मॅडम, रहिमतपूर मघाशीच गेलं की.”

मी खिडकीतून बघितलं. दोन्हीकडे ऊस होता. पुढच्या फाट्यावर त्यानं मला उतरवलं आणि परतीची गाडी अर्ध्या तासात येईल म्हणून सांगितलं. अम्मीला फोन केला, उशीर होईल म्हटलं. तिनं कारण विचारलं, तर मी सांगितलं, उतरायचं विसरले. फाट्यावर निवाऱ्याला सिमेंटचा एक कट्टा होता. त्याच्यावर सावलीत बसले. बॅटरी अजून निम्मी होती.